वीडर चालता चालता बंद पडतोय? कार्बोरेटरला हात लावण्याआधी एवढं तपासा

कपाशी चार-सहा पानांवर आली की तणही तेवढ्याच जोमानं वर येतं. निंदणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हवी असतात. म्हणून शहादा-शिरपूरपासून रावेर-यावलपर्यंत आता खळ्यात बैलजोडीच्या शेजारी पेट्रोलवरचा छोटा पॉवर वीडर उभा दिसतो. आणि ऐन कोळपणीत मेकॅनिकच्या दुकानात तीच तक्रार ऐकू येते: ‘भाऊ, मशीन बंद पडी गयं.’ दोरी ओढली की सुरू होतं, दोन सऱ्या नीट जातात, मग धाप लागल्यासारखं करून गप्प.

अशा वेळी बहुतेक जण आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतात आणि कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) दोन स्क्रू आत-बाहेर करून बघतात. ते सगळ्यात शेवटचं काम आहे. कारखान्यातून बसवून आलेलं माप एकदा बिघडलं की मूळ दोष बाजूला राहतो आणि दुसरा नवा तयार होतो. त्याआधी बघायच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या निम्म्या तर बिनखर्चाच्या आहेत.

हा लेख पहिल्यांदाच मशीन घेतलेल्यांसाठी आहे. इथे धरलंय ते साधारण 5 ते 7 एचपीचं, एका सिलेंडरचं, फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन. तेच इंजिन पाण्याच्या छोट्या पंपावर असतं, आणि त्याचाच धाकटा भाऊ शाळेच्या मैदानावर किंवा बंगल्याच्या बागेत फिरणाऱ्या लॉन मोवरवर असतो, त्यामुळे बरंचसं तिथेही लागू पडेल. खांद्याला अडकवायच्या टू स्ट्रोक ग्रास कटरचं शेवटी वेगळं सांगितलंय. डिझेल वीडरचा मामला निराळा, तो इथे नाही.

आधी इंजिन कसं मरतं ते बघा

इंजिनाला पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी ठिणगी लागते, शिवाय सिलेंडरमध्ये दाब. तुमचं मशीन सुरू होतंय, म्हणजे या चारही गोष्टी त्या क्षणाला हजर आहेत. चालताना त्यातली एक कुठेतरी तुटते. ती कोणती, हे इंजिन बंद पडण्याच्या पद्धतीवरून बऱ्यापैकी कळतं. म्हणून दोन-तीन वेळा मुद्दाम चालवा आणि कान देऊन ऐका.

सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपतंय आणि मागून नवं येत नाहीये. कॉक, नळी, गाळणी, यापैकी काहीतरी.

दहा-पंधरा मिनिटं झकास चालून मग हळूहळू आवाज पडत बंद होत असेल, आणि थोडं थांबून दोरी ओढल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर पहिला संशय टाकीच्या झाकणावर.

बटण दाबल्यासारखं एकदम, कुठलाही आचका न देता बंद पडलं तर ते करंटचं काम. पेट्रोल संपताना इंजिन कधीच असं मरत नाही, ते आधी गचके देतं, रेस वर-खाली होते. हा फरक एकदा कानात बसला की अर्धं निदान झालं.

चोक (इंजिनाची हवा कमी करणारा खटका) ओढलेला असेल तोवरच चालतं आणि चोक सोडला की मरतं? पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. उलट, काळा धूर सोडत, घुटमळत मरत असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी.

फुल्ल रेसवर चालतं, रेस कमी केली की मरतं, असं असेल तर कार्बोरेटरमधला लहान जेट (पेट्रोल सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा). याच्या उलट, रिकामं छान चालतं आणि जमिनीत दाबलं की मरतं, तर मोठा जेट, एअर फिल्टर किंवा चक्क तुमची जमीन. जमिनीचं पुढे सांगतो.

हत्यारं आणि दोन बंधनं

प्लगचा पाना, 10 नंबरचा पाना, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, पांढरं सुती फडकं, झाकणाची काचेची बाटली आणि एक नवा प्लग. प्लग त्याच नंबरचा घ्या, जुना दुकानात दाखवून. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर उत्तम.

बंधन पहिलं: फाळाला, पात्याला किंवा त्यात अडकलेल्या कशालाही हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढून बाजूला करायची. इंजिन बंद असलं तरी काढायची. फाळ हातानं फिरवला की इंजिन फिरतं आणि गरम इंजिनाला एक फेराही पुरतो.

दुसरं: पेट्रोलचं काम सायलेन्सर गार झाल्यावर, उघड्यावर, आणि आजूबाजूला बिडी-सिगारेट कोणाच्याही तोंडात नसताना. बंद शेडमध्ये इंजिन चालवून तपासू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

फुकटातल्या तपासण्या

पेट्रोलचा कॉक पूर्ण उघडा आहे ना? अर्धवट उघड्या कॉकवर इंजिन सुरू होतं, पण जोर आला की उपाशी पडतं. चोक पूर्ण सोडलाय ना? कॉक आणि चोकचे खटके बहुतेक मशीनवर एकमेकांखालीच असतात, नवख्याकडून एकाच्या जागी दुसरा सरकतो.

मग ऑइल. मशीन सपाट जागेवर उभं करा. बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. ऑइल अगदी काठावर कमी असेल तर सपाट जागेवर इंजिन चालतं आणि बांधावर चढताना किंवा उतारावर तिरपं झालं की एकदम बंद. सातपुड्याच्या पायथ्याच्या चढ-उताराच्या शेतात हे हमखास दिसतं. या इंजिनांत साधारण 600 मिली ऑइल मावतं, म्हणजे 100-150 मिली कमी झालं तरी फरक पडतो. डिपस्टिक पुसून, पुन्हा नुसती टेकवून बघायची की आटे फिरवून, हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सपाटीवर उभ्या मशीनमध्ये ऑइल भोकाच्या काठापर्यंत दिसलं पाहिजे. ग्रेड पुस्तिकेप्रमाणे, बहुतेकांना 10डब्ल्यू-30 चालतं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल 20 तासांत बदला, पुढे दर 100 तासांनी. पहिलं ऑइल लवकर बदलायचं कारण त्यात नव्या भागांचा घासलेला चुरा असतो.

ऑइल बघताना त्याचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर इंजिन चालवू नका. वाटीतलं पेट्रोल ओसंडून सिलेंडरमार्गे खाली उतरलंय. आधी फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) दुरुस्त करायची, मग ऑइल बदलायचं.

आता टाकीचं झाकण. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. धूळ आणि ऑइलचा चिकटा बसून ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. तपासणी सोपी: मशीन बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. सुस्स असा आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर दोष सापडला. झाकण पेट्रोलनं धुऊन, भोक ब्रशनं मोकळं करून वाळवा. झाकण सैल ठेवून काम रेटू नका. वीडर उसळतो आणि पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडतं.

पेट्रोल: निम्म्या तक्रारींचं मूळ

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज टाकी भरून रोज रिकामी होणाऱ्या मोटारसायकलला याचा फारसा त्रास नाही. वीडर मात्र कोळपणी झाली की महिना-महिना उभा असतो. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. कॉक तळालाच असतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच. शिवाय जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या या पेट्रोलनं फुगतात, मऊ पडतात आणि आतून त्यांचे कण सुटतात.

त्यात आपल्याकडे शेतात पेट्रोल न्यायची रीत! पिण्याच्या पाण्याची बाटली, नाहीतर फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन. बाटलीत चार थेंब पाणी राहिलेलं असतं, कॅनमध्ये औषधाचा साका. पेट्रोलसाठी एक वेगळा, जाड, झाकणाचा कॅन ठेवा आणि ओतताना बारीक जाळीची गाळणी लावा.

तपासायचं असं. कॉक बंद करा, कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल किंवा आधी धार आणि मग थेंब होत असेल, तर झाकण काढून पुन्हा बघा. झाकण काढल्यावर धार सुधारली तर दोष झाकणाचा, नाही सुधारली तर कॉकमधली जाळी किंवा नळी. कॉकच्या खाली छोटी वाटी असेल तर ती फिरवून काढा, त्यात गाळ बसलेला असतो.

बाटलीतलं पेट्रोल दहा मिनिटं न हलवता स्थिर ठेवा आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला, पाण्याचे मणी फिरताना दिसले, किंवा पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. त्यातच नवं पेट्रोल मिसळून काम भागवू नका. काढलेलं पेट्रोल विहिरीजवळ, बांधावर किंवा नालीत ओतायचं नाही.

एअर फिल्टर

काळ्या जमिनीची वाळलेली माती पिठासारखी उडते. पुस्तिकेत फिल्टर 50 तासांनी साफ करा असं लिहिलेलं असलं, तरी ते माळरानावरच्या धुळीसाठी नाही. कोरड्या रानात काम असेल तर रोज संध्याकाळी फिल्टर उघडून बघायचाच.

फिल्टर काढून, मशीन जागेवरच उभं ठेवून, फाळ फिरू न देता मिनिटभर इंजिन चालवा. तेवढ्यात सुधारलं तर फिल्टर गुदमरलाय. पण फिल्टरशिवाय कोळपणी करायची नाही, एका दिवसाची धूळ रिंगा घासायला पुरेशी असते.

फोमचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा, मग त्याला थोडं इंजिन ऑइल चोळून जादाचं दाबून काढा. ओला फोम तसाच बसवला की इंजिन काळा धूर सोडून मरतं. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. हलक्या हातानं झटका, काळाकुट्ट झाला असेल तर बदला.

आपल्याकडच्या अनेक वीडरवर ऑइल बाथचा फिल्टर येतो, म्हणजे तळाला ऑइलची वाटी आणि वर जाळी. त्यात खुणेपर्यंतच ऑइल हवं. कोणी हौसेनं काठोकाठ भरलं की ते ऑइल कार्बोरेटरमध्ये ओढलं जातं. आणखी एक हमखास प्रकार: मशीन ट्रॉलीत आडवं टाकून शेतात नेलं जातं, वाटीतलं ऑइल कार्बोरेटरमध्ये उतरतं, आणि सकाळी पांढरा धूर काढून मशीन बंद. मशीन उभंच न्या, दोरानं बांधा. लॉन मोवर खालून साफ करायला कलंडवतानाही कार्बोरेटर आणि फिल्टरची बाजू आकाशाकडे ठेवायची, ती याच कारणानं.

प्लग आणि करंट

इंजिन बंद पडल्यावर लगेच प्लग काढा, पण फडक्यानं धरून, कारण तो चांगलाच तापलेला असतो. टोकाचा रंग बघा. चहासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. काजळीसारखा कोरडा काळा, तर पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बंद. ओला आणि पेट्रोलचा वास, तर ठिणगी पडत नाही किंवा इंजिनात पेट्रोल भरलंय. पांढराफटक, तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन जादा तापतंय.

टोकाच्या फटीचं माप या इंजिनांना साधारण 0.7 ते 0.8 मिमी असतं. पुस्तिकेत दुसरं लिहिलं असेल तर तेच धरा. साफ करायला तारेच्या ब्रशपेक्षा नवा प्लग बरा, किंमत फार नाही.

मशीन बटण दाबल्यासारखं मरत असेल तर नवा प्लग घालूनच सुरुवात करा. तरी तेच होत असेल तर स्टॉप स्विचची वायर बघा. या इंजिनांत स्विच बंद केला की कॉइलची (ठिणगीचा करंट तयार करणारा भाग) वायर बॉडीला टेकते आणि करंट मरतो. म्हणजे ती वायर वाटेत कुठेही सोलली गेली आणि हादऱ्यानं हँडलच्या पाइपाला शिवली, तरी इंजिन बंद. हँडलच्या वळणावर, क्लच केबलच्या शेजारी आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागी नीट बघा. स्विचकडे जाणारी वायर सोडवून, मशीन जागेवर, गिअर न टाकता चालवून बघता येतं. मात्र तेव्हा बटणानं इंजिन बंद होणार नाही हे ध्यानात ठेवा, चोक पूर्ण ओढून किंवा कॉक बंद करून थांबवावं लागेल. ऑइल सेन्सरची वायरही याच पद्धतीनं सोडवून तपासतात, पण ऑइलची पातळी नीट भरल्यावरच, आणि तपासणी झाली की परत जोडायची. सेन्सर तोडून टाकणारे मेकॅनिक आहेत. त्यांना तसं करू देऊ नका.

राहिला कॉइल. गार असताना उत्तम, अर्धा-पाऊण तास चालल्यावर एकदम बंद, मग कितीही दोरी ओढा, सुरू नाही, गार झालं की पुन्हा जणू काही झालंच नाही. ही गरम होऊन मरणाऱ्या कॉइलची खूण. खात्री करायची तर मशीन मेल्या मेल्या, गरम असतानाच ठिणगी बघावी लागते. गार झाल्यावर बघून उपयोग नाही, तेव्हा ती पडणारच. कॉक बंद करा, सुटा प्लग टोपीत घाला, त्याचं लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर, आणि कोणाला तरी दोरी ओढायला सांगा. निळी, टच आवाज करणारी ठिणगी हवी. नसेल आणि वायरही ठीक असेल, तर कॉइल बदला. कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारं जड चाक) यांच्यातली फट बारीक असते, बसवताना मध्ये जाडसर व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळतात आणि कार्ड ओढून काढतात.

आता कार्बोरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. मोकळी जागा घ्या, खाली पांढरं फडकं अंथरा, म्हणजे पडलेला बारीक भाग दिसतो. उघडायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या हे नंतर कोणालाच आठवत नाही.

कॉक बंद करा. कार्बोरेटरखालच्या वाटीचा 10 नंबरचा बोल्ट काढा, वाटी खाली येईल. त्यात थोडं पेट्रोल असणारच. वाटीच्या तळाकडे बघा: लालसर पीठ असेल तर टाकीचा गंज, चिकट पिवळा थर असेल तर जुनं पेट्रोल वाळलेलं, पाण्याचे गोळे असतील तर वर सांगितलेला प्रकार. वाटीच्या कडेची रबरी रिंग ताणू नका, पेट्रोलनं फुगली असेल तर अर्धा तास उघड्यावर ठेवा, बहुधा मूळ मापाला येते.

वाटी काढल्यावर मधोमध एक खांब दिसतो, त्याच्या आत मोठा जेट असतो. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं तो सरळ धरून फिरवा. पितळ मऊ असतं, खाच मोडली की मग तो निघत नाही. जेट काढून उजेडाकडे धरा. भोक सुईच्या टोकाएवढं, पण त्यातून गोल, स्वच्छ उजेड आला पाहिजे. चंद्रकोरीसारखा दिसला तर चिकटा बसलाय. तो साफ करायला सुई किंवा टाचणी वापरू नका, भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं जादा पेट्रोल पिऊ लागतं. कार्ब क्लीनरचा फवारा मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग हवा मारा. फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू. जेटच्या मागे आडव्या भोकांची पितळी नळी असते, तीही काढून धुवा. फवारा मारताना डोळ्यांना चष्मा हवा, तो दुसऱ्याच भोकातून उलटा तोंडावर येतो.

लहान जेट वरच्या अंगाला, रेसच्या स्क्रूच्या शेजारी असतो. कमी रेसवर मरणारं मशीन इथेच अडतं. त्याजवळचा बारीक स्क्रू काढायचा असेल तर आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत हळूच आवळा आणि किती फेरे गेले ते कागदावर लिहा, बसवताना तेवढेच फेरे बाहेर.

फ्लोट हलवून बघा, त्यात पेट्रोल शिरून जड झालेला नाही ना. त्याच्या सुईचं रबरी टोक बोटावर फिरवा. कडा उमटलेली असेल तर सुई बदला. तीच पेट्रोल ओसंडू देते.

बसवताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जाड काळ्या ठोकळ्याकडे आणि दोन्ही बाजूंच्या कागदी गॅस्केटकडे दुर्लक्ष होतं. गॅस्केट फाटलं किंवा ठोकळा तडकला की जादा हवा शिरते, इंजिन वर-खाली गुरगुरत राहतं आणि चोकशिवाय चालत नाही. चालू इंजिनावर त्या जोडावर ऑइलचे दोन-चार थेंब सोडा. आवाज क्षणभर सुधारला तर गळती तिथेच आहे.

दोष इंजिनाचा नसेल तर

वाफसा नसताना काळ्या जमिनीत वीडर घातला की फाळांना मातीचे लाडू चढतात आणि कुठलंही इंजिन बसतं. मूठभर माती दाबून बघा: गोळा होऊन बोटांनी फुटला तर चाला, चिकटून राहिला तर एक दिवस थांबा. मागची खोलीची पट्टी एक भोक वर घ्या, एका फेरीत पूर्ण खोली गाठायचा हट्ट नको. हरळी आणि कुंदा असलेल्या रानात दर काही सऱ्यांनी फाळांच्या मुळाशी बघा, तिथे दोरखंडासारखा पीळ बसतो.

केळी आणि ठिबकवरच्या कपाशीत तर ठिबकची नळीच फाळात जाते. नळी गुंडाळली की इंजिन एकदम दाबून मरतं. अशा वेळी रिव्हर्स टाकून ओढू नका. प्लगची टोपी काढा, नळी दोन्हीकडून कापा, फाळ उलटे फिरवून सोडवा, आणि जॉइनरनं नळी जोडा. कोळपणीआधी नळ्या उचलून ओळीच्या बुंध्याशी सरकवून घेतल्या तर हा ताप वाचतो.

लॉन मोवरचं तेच, फक्त वैरी वेगळा: ओलं, वाढलेलं गवत पात्याखाली थापलं जातं. आणि ज्या मोवरला हँडलवर धरून ठेवायची दांडी असते, तिची केबल ढिली झाली की दांडी धरलेली असूनही इंजिनाचा ब्रेक लागतो.

उन्हाळ्यातलं दुखणं

भुईमुगात, केळीच्या बागेत मे महिन्यातही वीडर चालतो, आणि भुसावळ-जळगावकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो. हे इंजिन हवेवर गार होतं. दोरीच्या जाळीत आणि सिलेंडरच्या पाकळ्यांत भुसा, पाचट, धूळ अडकली की ती हवाच पोचत नाही. पंख्याचं कव्हर काढून पाकळ्या ब्रशनं साफ करा, पाणी मारू नका. गरम इंजिनात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, म्हणून नळी सायलेन्सरपासून लांब बांधा आणि दुपारी बारा ते चार मशीनला सावलीत ठेवा. स्वतःलाही.

खांद्यावरचा टू स्ट्रोक ग्रास कटर

याचं पहिलं कारण बहुतेक वेळा मिश्रण. 1:25 म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मिली 2टी ऑइल, 1:50 म्हणजे 20 मिली. कंपनीनं काय सांगितलंय तेच पाळा, ‘अंदाजानं एक झाकण’ नको. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा होऊन मशीन मरतं, कमी झालं तर पिस्टनच धरतो. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा.

टाकीच्या आत नळीच्या टोकाला छोटी वजनदार गाळणी असते. वाकवलेल्या तारेनं ती झाकणाच्या भोकातून बाहेर ओढून काढता येते, कडक झाली असेल तर बदला. रबरी फुगा दाबल्यावर पेट्रोल फिरताना दिसलं पाहिजे, फुग्यात सतत बुडबुडे दिसले तर नळीला तडा आहे. नळ्या, गाळणी ठीक असूनही रेस दिली की मरतं, तर कार्बोरेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) कडक झालाय, त्याचा किट मिळतो. आणि हळूहळू ताकद उतरत आलेली असेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून बघा. ती कार्बननं बुजते आणि मशीनला धूर सोडायलाच जागा राहत नाही.

हंगाम संपल्यावर

टाकी रिकामी करा, मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतलंही पेट्रोल संपतं. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. पुढच्या मृगाला वरचा कार्बोरेटरचा अख्खा भाग वाचायची वेळ सहसा येणार नाही.

मेकॅनिककडे कधी

दोरी ओढताना पूर्वीसारखा विरोध लागत नसेल, निळा धूर येत असेल, किंवा व्हॉल्व्हचं माप बघायचं असेल तर न्या. या प्रकारच्या इंजिनांना गार असताना इनटेकला साधारण 0.15 आणि एक्झॉस्टला 0.20 मिमी फट असते. ती संपली की इंजिन गरम झाल्यावर दाब सोडतं आणि मरतं. मशीन दगडाला किंवा झाडाच्या खोडाला जोरात आपटल्यापासून बंद पडत असेल, किंवा दोरी हातातून उलटी हिसकत असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेलेली असू शकते आणि ठिणगीची वेळ चुकते. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, हातोडीनं ठोकून काढू नका.

आणि नेताना नुसतं ‘बंद पडतं’ असं सांगू नका. गार असताना की गरम झाल्यावर, एकदम की गचके देत, चोकवर चालतं का, प्लगचा रंग काय होता, झाकण सैल करून बघितलं का, हे सांगा. काढलेला जुना प्लग आणि बाटलीतलं पेट्रोल सोबत घेऊन जा.